साबण चाखणारा माणूस

आमच्या घरात साबण चाखतात. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघतो. पण यात चेष्टा काही नाही. साबण घट्ट झाला, साचे उघडले, तारेने वड्या कापल्या, मांडणीवर वाळल्या, की त्यातली एक वडी उचलायची, नखाने तिचा कोपरा काढायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. साबणात कॉस्टिक सोडा उरला असेल तर जिभेला चटका बसतो. उरला नसेल तर नुसती साबणाची चव, म्हणजे वाईटच, पण निरुपद्रवी. मग "झालं" म्हणायचं. ते "झालं" ऐकल्याशिवाय आमच्या कारखान्यातून एक वडी बाहेर जात नाही, आणि ते म्हणायचा मान एकट्या आमच्या ह्यांचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा होता.

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब शेड. एका टोकाला कढई, मधे लाकडी साचे, दुसऱ्या टोकाला मांडण्या आणि वेष्टनाचं टेबल. कढईवर जो माणूस आहे त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. वेष्टन मी करते, जोडीला सून. मुलगा माल घेऊन गावोगाव फिरतो आणि घरी आला की झोपतो. आणि आमचे हे सगळ्यांवर. म्हणजे कढईवरही, साच्यांवरही, आणि कागद जरा तिरका दुमडला गेला तर माझ्यावरही.

आलेल्या माणसाला ह्यांनी साबणाचा इतिहास ऐकवला नाही, असं कधी झालेलं नाही. विजेचं मीटर बघायला आलेल्याचीही सुटका नाही. "पहिला साबण कुणी केला, सांगा बरं," असं विचारायचं आणि त्याने तोंड उघडायच्या आत आपणच सांगायचं, "कुणीच नाही. तो झाला." कुणीतरी उघड्यावर मांस भाजत असणार, चरबी खाली राखेत गळत असणार, वरून पाऊस आला असणार, आणि दुसऱ्या दिवशी तो राडा उपसणाऱ्या बाईचे हात कधी नव्हे ते लख्ख निघाले असणार. मी दर वेळी विचारते, तुम्ही होतात का तिथे? त्यावर हे म्हणतात, "बाई होती एवढं नक्की. राख उपसायला दुसरं कोण जाणार?" इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य मला बिनतक्रार पटलेलं आहे.

पुढचा इतिहास मला पाठ आहे, कारण ऐकण्यावाचून इलाज नव्हता. साबण आधी लोकर आणि कापड धुवायला आला. माणूस मात्र अंगाला तेल चोळून ते खरवडून काढत बसला, आणि शतकानुशतकं त्याला स्वतःपेक्षा आपल्या सदऱ्याची काळजी जास्त होती. राखेवर पाणी सोडायचं, ते गाळायचं, त्यात अंडं टाकायचं. अंडं तरंगलं तर ते खारं पाणी कडक, बुडालं तर पाणचट. कुठे लाकडाची राख, कुठे समुद्रकाठच्या झुडपांची. मग कुण्या हुशार माणसाने साध्या मिठापासून सोडा करायची युक्ती काढली आणि साबण श्रीमंतांच्या न्हाणीघरातून सगळ्यांच्या मोरीत आला. एवढं सांगून झालं की हे आपल्या जिभेवर बोट ठेवायचे. "हिची गरज मात्र कुणाला टळली नाही. अंडं फसवेल, ही नाही फसवायची."

आणि रसायन विचाराल तर तेही असंच. तेलाने हात माखतो, सोड्याने हात जळतो. दोघं एका कढईत घालून तापवलं, घोटलं, की तेलाचं तेलपण जातं, सोड्याचा जाळ जातो आणि तिसरीच वस्तू हाती येते. तिचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे, एक सासरी आणि एक माहेरी. म्हणून तर अंगावरचा तेलकट मळ पाण्याबरोबर जायला तयार होतो. हे सगळं सांगताना ह्यांचा आवाज मऊ व्हायचा. "दोघांपैकी कुणीच उरत नाही," असं म्हणत माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, संसाराला लावू नका, इथे दोघंही शिल्लक आहोत. पण एक गोष्ट खरी की चांगला साबण करणारा हिशेब अगदी बरोबरीचा ठेवत नाही. तेल सोड्यापेक्षा थोडं जास्त घालतो. सोड्याला खायला तेल मिळालं नाही असं कधी होऊ नये म्हणून. उरायचंच असेल तर तेल उरावं.

मोठ्या कारखान्यांत मिठाचं पाणी ओतून साबण फोडतात. साबण वर तरंगतो, उरलेला सोडा आणि ग्लिसरीन खाली बसतं, ते काढून घेतात. आमच्याकडे तसं करत नाहीत. ग्लिसरीन आतच राहतं, म्हणून आमच्या साबणाने कातडी मऊ राहते. पण आतच राहायचं म्हटलं की चूकही आतच राहते. म्हणून जिभेला एवढा मान.

आमचा सगळ्यात मानाचा माल बाळंतपणाच्या वॉर्डाला जातो. बिनवासाच्या, बिनरंगाच्या, लहान पांढऱ्या वड्या. जन्मलेल्या मुलाला पहिली अंघोळ आमच्या साबणाने घालतात. "आईच्या हाताच्या आधी माझा साबण लागतो पोराला," असं हे म्हणतात. ते खरं नसावं, पण मी वाद घालत नाही. या मालाची चाखणी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांसमोर करायची, हाही पायंडा ह्यांच्या वडिलांच्या वेळचा. सिस्टर बदलत गेल्या, पायंडा तसाच राहिला.

गेल्या थंडीत तापाने ह्यांना पार लोळवलं. ताप गेला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला; चव तर नाहीच, जिभेला चटकाही कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू परत. थोड्याच दिवसांत ह्यांनी जाहीर करून टाकलं, "आली." आम्ही विश्वास ठेवला. दुसऱ्याच्या जिभेत शिरून बघायची सोय कुठे असते?

मग एके दिवशी मी भाजीत मीठ घालायलाच विसरले. सून एका घासातच थबकली आणि माझ्याकडे बघू लागली. हे मात्र जेवत राहिले. ताट पुसून काढलं आणि उठताना म्हणाले, "छान झाली होती." मीठ कमी, मीठ जास्त, फोडणी करपली, असं ऐकत मी म्हातारी झाले. ह्या माणसाने जन्मात कधी "छान" म्हटलेलं नव्हतं.

मी काही बोलले नाही. मूग गिळून बसले म्हणा हवं तर, मला त्याची लाज नाही. तापानंतर हे एकदम वाकले होते. सकाळी उठायचे ते त्या एका शब्दासाठी. सगळे हात थांबवून ह्यांच्या तोंडाकडे बघतात, आणि हे "झालं" म्हणतात, की पुन्हा शेड हलायला लागते. तेवढ्यापुरते ताठ उभे राहायचे. ते मी काढून घ्यायचं? कोणत्या तोंडाने? म्हणून मी दुसरा मार्ग काढला. पहाटे शेडमध्ये कुणी नसताना मी मांडणीपाशी जायची आणि प्रत्येक घाण्यातली एक वडी स्वतः चाखायची. चटका बसला तर तो घाणा गुपचूप मागच्या मांडणीवर सरकवायची, बाकीचं मग बघू, असं मनाशी ठरवलं होतं.

आणि गंमत अशी की सरकवायची वेळ एकदाही आली नाही. प्रत्येक साबण अगदी मऊ. उकळण्याचा आवाज, थापीवरून पडणारी धार, तळव्यावर घोटलेली गोळी, एवढ्यावर ह्यांना सगळं कळत होतं. तेल तेच, सोडा तोच, माप तेच. जीभ मेली तरी हात जिवंत होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा की तोंड साबणाने कडू झालेलं असतानाही मी एकटीच हसायची.

सून हुशार आहे. लग्नाआधी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिने कधीपासून एक छोटी बाटली आणून ठेवली होती. तिच्यातला पाण्यासारखा थेंब ताज्या कापलेल्या साबणावर टाकायचा. साबण चांगला असेल तर थेंब तसाच राहतो, सोडा उरला असेल तर गुलाबी होतो. तिने पहिल्यांदा ती दाखवली तेव्हा ह्यांनी बाटली उजेडात धरून नीट न्याहाळली आणि परत दिली. "बरी आहे. पण चटका केवढा ते सांगते का? मुंगीचा की विंचवाचा?" सून म्हणाली, "रंग गडद होतो, बाबा." हे म्हणाले, "रंग काय, लाजूनही गडद होतो." सगळे हसले, सूनही हसली. बाटली तिच्या एप्रनच्या खिशात गेली आणि तिथेच राहिली.

मग आमच्या सोडावाल्याने दुकान बंद केलं. त्याच्याकडचा सोडा म्हणजे उघड्या पिंपात हवा खाल्लेला, ओल धरलेला, ढेकळांचा. निम्मा जोर पिंपातच मेलेला. आमची सगळी मापं त्या अर्धमेल्या सोड्यावर बसलेली. नव्या माणसाकडून जे पिंप आलं ते सीलबंद, आत कोरडे खडखडीत पापुद्रे. ह्यांनी डबा बुडवला, नेहमीचं माप भरलं आणि ओतलं. पूर्वी असं काही झालं असतं तर कढईतलाच साबण चाखून ह्यांनी तेल वाढवलं असतं. या वेळीही चाखला. माझ्यादेखत थापीवरचा साबण फुंकून गार केला, जिभेला लावला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "ओता." साबण साच्यांत गेला. तो नेमका वॉर्डाचा माल होता.

वड्या वाळल्या आणि सिस्टर यायच्या दिवशी मी पहाटे शेडमध्ये गेले. कोपरा काढला, जिभेला लावला. क्षणभर काहीच नाही. मग असा चटका बसला की वडी हातातून पडली. नळाशी जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, तरी जिभेच्या टोकाला निखारा टेकवून ठेवल्यासारखं होत होतं. मला वाटलं, एवढीच वडी वाईट असेल. दुसऱ्या मांडणीवरची घेतली. तीही तशीच. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे दिवस-दोन दिवसांचं पोर आलं. पापुद्र्यासारखी कातडी असते त्यांची, नखसुद्धा लावायला भीती वाटते.

"आई, काय झालं?" सून मागे उभी होती. मी बोलू शकत नव्हते, नुसतं वडीकडे बोट दाखवलं. तिने सुरीने वडी मधोमध कापली, खिशातून बाटली काढली आणि एक थेंब टाकला. बघता बघता तो गुलाबी झाला, नुकत्याच उमललेल्या फुलासारखा. इतका सुंदर रंग आणि इतकी वाईट बातमी.

"बाबांना दाखवूया," ती म्हणाली.

"ही बाटली पुढे करायची नाही," मी म्हटलं. शब्द बोबडे येत होते. "बाटलीने हरवलं तर त्यांना सहन होणार नाही. मीच सांगते."

"पण सांगाल ना, आई? आज वॉर्डाचा माल आहे."

"सांगते म्हटलं ना!" मी तिच्यावर उगाच खेकसले.

सांगायला गेले तर हे आरशासमोर दाढी करत होते. सिस्टर येणार म्हणून इस्त्रीचा सदरा खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला. "अहो," मी सुरुवात केली. हे आरशातूनच म्हणाले, "आज वॉर्डाचा माल. मोठ्या सिस्टर नव्या आहेत म्हणे. त्यांना राखेपासून सांगायला लागेल." त्यांच्या गालावर फेस होता आणि डोळे लहान मुलासारखे चमकत होते. मी म्हटलं, "बटण तुटलंय सदऱ्याचं," आणि तुटलेलं नसलेलं बटण लावायला सदरा घेऊन बाहेर आले.

मग मी लबाडी सुरू केली. ह्यांना म्हटलं, खोकी संपलीत, माल भरता यायचा नाही. ते ऐकून पैलवान, ज्याला एरवी तीनदा हाक मारावी लागते, तो माळ्यावर चढून खोक्यांचा गठ्ठाच घेऊन उतरला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत उभा राहिला. मग मी वॉर्डाला फोन केला. सिस्टरांना म्हटलं, साबण जरा ओला आहे, आठवड्याने न्या. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे एक वडी उरलेली नाही. बाजारचा वापरला तर पोरांच्या अंगावर पुरळ उठतंय. मी निघालेच आहे." फोन ठेवला आणि मी मनाशी पक्कं केलं. हे "झालं" म्हणाले की मी बोलणार. सगळ्यांसमोर बोलावं लागलं तरी बोलणार. त्यानंतर हे माझं तोंड बघणार नाहीत कदाचित, पण ही वडी कुणा पोराच्या अंगाला लागणार नाही.

सिस्टर आल्या. उंच, घाईतल्या, पायात पांढरे बूट. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि राखेपासून सुरुवात केली. सिस्टर आधी घड्याळाकडे बघत होत्या, मग ऐकायला लागल्या. राख उपसणाऱ्या बाईवर तर मोठ्याने हसल्या. मी टेबलाशी उभी होते आणि माझ्या हातातला वेष्टनाचा कागद ओला झाला होता. समोर सून, एक हात एप्रनच्या खिशात. मी डोळ्यांनीच तिला नको म्हटलं. तिने हात बाहेर काढला नाही.

"तर आता चाखणी," हे म्हणाले.

पैलवानाने कढई ढवळणं थांबवलं. ह्यांनी मांडणीवरून वडी उचलली, उजेडात फिरवून बघितली, नखाने कोपरा काढला आणि जिभेला लावला. डोळे मिटले.

एरवी शब्द लगेच यायचा. या वेळी आला नाही. हे डोळे मिटून तसेच उभे. सिस्टरांना वाटलं असेल, हाही पायंड्याचाच भाग आहे. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे वळले आणि तीच वडी माझ्यापुढे धरली.

"तू बघ," ते म्हणाले.

आमच्या कारखान्यात दुसऱ्या कुणाच्या हाती चाखणीची वडी कधी गेली नव्हती. मी म्हटलं, "मी?"

"मग आणखी कोण? घे."

मी कोपरा काढला. सकाळी भाजलेल्या जागीच तो लागला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्याआडून मी ह्यांच्याकडे बघितलं. ते वाट बघत होते, खरोखर वाट बघत होते.

"नाही झालं," मी म्हटलं. "फार कडक आहे."

"नाही झालं," ह्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पैलवान, कढई रिकामी कर. सगळ्या वड्या परत वितळवायच्या." मग ते सिस्टरांकडे वळले. "सिस्टर, माल आज मिळणार नाही. माझी जीभ थंडीतल्या तापात गेली, ती परत आलेली नाही. मी आली म्हणालो, ते खोटं होतं. यापुढे इथली चाखणी ही करेल."

सिस्टर एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. "मग तोवर आम्ही काय वापरू?"

"कोमट पाणी," हे म्हणाले. "नुसतं पाणी. आल्याआल्या पोराला कसला आलाय मळ?"

साबणवाल्याच्या तोंडून हे ऐकून सिस्टरांना हसू आवरेना. जाताना त्यांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या. काय ते मी विचारलं नाही. सुनेने खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली. ह्यांनी ती उचलली आणि मांडणीच्या वरच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. "हिला मदतीला घे," ते सुनेला म्हणाले, पण मान माझ्या दिशेने झुकवून. बाटलीच्या मदतीला मी की माझ्या मदतीला बाटली, ते त्यांनी आमच्यावरच सोडलं.

सगळ्या वड्या आम्ही किसून कढईत टाकल्या. थोडं पाणी, मग मंद आच. सून आणि पैलवान साचे धुवायला गेले आणि कढईशी आम्ही दोघंच उरलो.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"काय?"

"मी चाखते ते."

"पहाटे उठून शेडमध्ये जायची तुला कुठे सवय होती?" हे कढई ढवळत म्हणाले. "आणि आज तू चहाचा कप तोंडाला लावलास आणि तसाच खाली ठेवलास. तेव्हाच समजलो, की काहीतरी चुकलंय. पण म्हटलं, निदान एकदा आपणही बघावं, काही लागतंय का."

"लागलं?"

"छे."

मला इतका राग आला की ती थापी हिसकावून घ्यावीशी वाटली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत? मी रोज तिथे चोरासारखी जाऊन साबण खात होते!"

"तू का नाही बोललीस?"

याचं उत्तर दोघांचं एकच होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हे थापी हातात धरून माझं रडणं संपायची वाट बघत उभे राहिले. समजूत घालणं ह्यांना कधी जमलेलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, "कसं लागलं ते सांग."

"म्हणजे?"

"चटका. कसा असतो ते मला आठवत नाही आता. गोड, खारट, तिखट सगळं आठवतं, म्हणजे नाव घेतलं की मनात येतं. हा येत नाही. जन्मभर जे चाखलं तेच नेमकं गेलं." त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की कढईच्या बुडबुड्यांत हरवत होता. "सांग ना."

मी विचार केला. ह्यांच्यासारखे शब्द मला कुठले यायला.

"आधी काहीच लागत नाही," मी म्हटलं. "कडवट, तेलकट, नेहमीचंच. वाटतं, काही झालं नाही. मग एका जागी बारीक टोचतं. आणि मग ते तिथेच राहतं, दिवसभर. काहीही खाल्लं, प्यायलं, की आधी तेच जाणवतं." मग म्हणूनच टाकलं. "लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात ना, याच शेडमध्ये, तुमच्या वडिलांसमोर आणि सगळ्या माणसांसमोर, तसं. तेव्हा मी हसले होते. मला मागाहून लागलं."

हे ढवळायचे थांबले. मला वाटलं होतं, म्हणतील, कधीचं काय उकरून काढतेस. पण त्यांना तो दिवस आठवत होता, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मग त्यांनी तेलाचं भांडं उचललं, हळूहळू, धार बारीक ठेवून तेल सोडलं, आणि घोटायला लागले. तेलाला सोड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही.

साबण पुन्हा दाटून आला तेव्हा त्यांनी थापीच्या टोकावर थोडा घेतला, फुंकून फुंकून गार केला, स्वतःच्या बोटाला लावून बघितला आणि माझ्यापुढे धरला.

"आता?" त्यांनी विचारलं. "अजून आहे?"

मी जीभ लावली. सकाळच्यापेक्षा पुष्कळच कमी होतं. एरवी मी म्हटलं असतं, नाही, काही नाही, राहू द्या. त्यांच्याकडे बघून तेच म्हणावंसं वाटत होतं.

"थोडं आहे," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेलाचं भांडं उचललं.